'सात घोड्यांची सून' वाचल्यानंतर

कोच्कोर, ९ ऑक्टोबर १९९८

लाडके बुरुल,

साबिर ड्रायव्हरच्या हाती हे पत्र, कुरुतच्या, सुक्या दह्याच्या, गोळ्या आणि एक पुस्तक पाठवते आहे. पुस्तक शेगडीजवळ बसून वाच, म्हणजे राग आला तर टाकायला लांब जायला नको. पण टाकू नकोस. ग्रंथालयाचं आहे आणि दमिराने माझी सही घेतली आहे.

नाव 'सात घोड्यांची सून'. नाझिरा नावाची शिकलेली मुलगी. तिच्यावर जीव टाकणारा अल्माज अकॉर्डियन वाजवतो, खिसा फाटका. आणि तुर्दुबेक हा मांसाचा व्यापारी, बायको वारलेली, दारात सात घोडे. नाझिरा तुर्दुबेकशी लग्न करते. कुणी पळवून नेलं म्हणून नाही, फसली म्हणून नाही. दिवसाढवळ्या, 'मला थंडीचा कंटाळा आला' एवढंच कारण सांगून. आणि लेखक तिला शिक्षाच करत नाही. तीनशे चाळीस पानं मी शिक्षेची वाट पाहिली.

काल गुरुवारच्या वाचनात रणकंदन झालं. अर्ध्या बायका अल्माजच्या, अर्ध्या घोड्यांच्या. मी म्हटलं, प्रेम सोडून पैशाशी लग्न करणारी बाई आणि बाजारात दात दाखवणारी घोडी यांत फरक काय? कुमुश आपाला वाचता येत नाही, ती ऐकायला येते. ती म्हणाली, "सायकाल, प्रेम मीही केलं. प्रेमाने आठ पोरं दिली, जोडे दिले नाहीत." सगळ्या हसल्या. विचारांची अशीच माती होते, हसण्याने.

पण माझं डोकं फिरलं ते लग्नाच्या प्रकरणात. तुर्दुबेकची माणसं नाझिराच्या आईपुढे दूधमोल ठेवतात, आपल्याकडे ठेवतात तसंच, पांढऱ्या रुमालात बांधून. ती बाई रुमाल छातीशी धरते. मी उभी राहिले. म्हटलं, बायांनो, मुलीच्या बदल्यात गुरं आणि पैसा घेणं हा कलंक आहेच. पण दूधमोल त्याहून वाईट, कारण तिथे आई स्वतःच्या दुधाला तराजूत घालते. कुमुश आपा म्हणाली, "तू मूल जन्माला घातलं नाहीस. तुला हे बोलणं सोपं आहे." मी सांगितलं, माझी बहीण वारली तेव्हा बुरुल चार महिन्यांची होती. मी तिला वाढवली, आणि त्याबद्दल कुणाकडून एक सोम घेतला नाही, घेणारही नाही. ऐकून ठेवा सगळ्यांनी.

टाळ्या पडल्या. आपाने वाजवल्या नाहीत.

वाच आणि कळव. तू माझ्या बाजूने असशील हे ठाऊक आहे, तरी लेखी हवं.

तुझी मावशी, तुझी तायएजे,
सायकाल


बिश्केक, २५ ऑक्टोबर

आदरणीय तायएजे,

कुरुत पहिल्याच दिवशी संपले. पुस्तक मात्र हळूहळू संपवलं, कारण ते मी एकटीने वाचलं नाही. दुपारी तीन ते पाच वीज जाते, शिलाई मशीन बंद पडतात. मग आम्ही सहाजणी खिडकीशी बसून काजं आणि बटणं हाताने करतो. त्या वेळात मी मोठ्याने वाचते. माझ्या वाट्याची बटणं बाकीच्या लावतात.

आता मतं ऐका. कापड बेतणारी ल्युबा म्हणते, "मला अल्माज द्या, पण तुर्दुबेकच्या घरात." दिल्बर अल्माजसाठी रडली. रडून झाल्यावर म्हणाली, "माझा नवराही वाजवायचा. आता रशियात वाजवतो. इथे ऐकू येत नाही." मालकीणबाईंचं म्हणणं, पुस्तकात एकही माणूस वेळेवर कामाला जात नाही.

आणि एक गिऱ्हाईक. पीठगिरणीच्या कामगारांचे एप्रन न्यायला आला आणि बटणांच्या खोक्यावर बसून अख्खं प्रकरण ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "हा तुर्दुबेक तीन प्रकरणं झाली नुसतं मांस विकतोय. त्याला कुणी जेवायला विचारलं का?" आम्ही इतक्या हसलो की माझं पान चुकलं.

तायएजे, रागावू नका, पण मी तुमच्या बाजूने नाही. नाझिराने फसवलं कुणाला? तुर्दुबेकला तिने पहिल्याच भेटीत सांगितलं, माझ्या मनात तुमच्याविषयी आदर आहे, बाकी काही नाही. तो म्हणाला, आदर पुष्कळ झाला. अल्माजने मात्र तिला काय सांगितलं? वाट पाहा. सहा वर्षं. वाट पाहायला लावणारा थोर, आणि दार उघडणारा हलका, हे कुठलं न्यायशास्त्र? गरिबी सोसली की मन आपोआप शुद्ध होतं असं तुम्ही आम्हाला शाळेत शिकवलंत. मी पाचजणींबरोबर एका खोलीत राहते. आमची मनं काही शुद्ध नाहीत. आम्ही साबणावरून भांडतो.

हात दुखताहेत, थांबते. गुडघ्याला लोकर बांधता ना?

तुमची,
बुरुल


कोच्कोर, १२ नोव्हेंबर

बुरुल,

तुझं पत्र गुरुवारी वाचून दाखवलं, साबणाचा भाग वगळून. त्या गिऱ्हाइकाचा प्रश्न सगळ्यांना पटला. मलाही. तीनशे चाळीस पानांत लेखकाला जे सुचलं नाही ते एका पीठवाल्याला सुचलं. कुमुश आपा म्हणाली, "याला कुणीतरी मुलगी द्या."

आता तुझं. मी तुला अठ्ठावीस वर्षं ओळखते. लहानपणी तू काही फोडलंस की आधी मांजराची बाजू घ्यायचीस. या वेळी दीड पान नाझिराची वकिली केली आहेस. घरात काय फुटलं आहे ते सांग.

लोकर बांधते. विषय बदलू नकोस.

तायएजे


बिश्केक, २९ नोव्हेंबर

तायएजे,

मी लग्न करते आहे.

त्याचं नाव मेदेत. अडतीस वर्षांचा. कारा-बाल्ताला पीठगिरणी आहे, दोन गाड्या आहेत, विटांचं घर आहे, घरात नळाला गरम पाणी येतं. पहिली बायको वारली, मूल नाही. तुम्ही गेल्या पत्रात ज्याला शाबासकी दिलीत, तोच.

तुम्ही विचारण्याआधीच सांगून टाकते. मी पैशासाठी करते आहे. मला कंटाळा आला आहे. बोटांना सुया टोचून घेण्याचा, खोलीतल्या पाण्यावर सकाळी बर्फ जमण्याचा, महिन्याचे शेवटचे दहा दिवस चहा आणि पाव खाण्याचा. नाझिराचं जे कारण तेच माझं. घोडे सात नाहीत, एकही नाही, पण गिरणी आहे.

तुम्ही भाषण लिहाल. लिहा. मी पूर्ण वाचीन. पण त्याची आई राकिया डिसेंबरात तुमच्याकडे येणार आहे, रीतीप्रमाणे. तुम्ही हो म्हणालात की मगच दिवस ठरवून माझ्या कानात सोन्याचे डूल घालतील. माझं दुसरं कुणी नाही हे त्यांना माहीत आहे. त्यांच्याशी नीट बोला. एवढंच मागते.

बुरुल


कोच्कोर, २० डिसेंबर

बुरुल,

तुझं पत्र आलं तेव्हा मी उत्तर लिहिलं नाही. तीनदा बसले, तीनदा फाडलं. ज्या मुलीला मी स्वाभिमान हा शब्द 'भाकर' शब्दाच्या आधी शिकवला, ती लिहिते, नळाला गरम पाणी येतं. असो. माणूस स्वतंत्र आहे हे मी चाळीस वर्षं ओरडून सांगितलं. मग तूही स्वतंत्र. मी मनात हो म्हटलं. तुझ्या कारणाला नाही, तुला.

अकरा तारखेच्या शुक्रवारी राकिया आणि तिचा भाऊ आले. मी मेंढा कापवला, बोरसोक तळले, दमिराकडून चांगले पेले आणले. बाई साधी आहे, कमी बोलते. जेवणं झाली. तिने पांढऱ्या रुमालाची गाठोडी काढली, दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "एजे, हे तुमचं दूधमोल. मुलगी वाढवलीत."

मी उभी राहिले. मला वाटतं त्या दिवशी मी जितकी चांगली बोलले तितकी आयुष्यात बोलले नसेन. तरुणपणी ट्रकवर उभी राहून मेंढपाळांच्या छावण्यांतून बोलायचे, तेव्हाही नाही. मी म्हटलं, माझी मुलगी विकायला नाही. जे मी दिलं ते फुकट दिलं, म्हणूनच ते मोलाचं आहे. मी तिच्यासाठी आज एक सोम घेणार नाही, उद्या नाही, कधीही नाही. आणि तो रुमाल मी दोन्ही हातांनी तिच्याकडे परत केला.

इतकी शांत सभा मी पाहिली नाही. भावाने चहासुद्धा अर्धा ठेवला. राकिया जरा वेळाने उठली, म्हणाली, "समजलं, एजे." दारापर्यंत मी सोडायला गेले. ती मागे न पाहता गाडीत बसली. भारावून गेली असावी.

तर माझी संमती आहे. जगाने काहीही म्हणावं, पण सायकालने मुलगी देऊन पैसे घेतले असं कुणाला म्हणता येणार नाही. गुरुवारी बायकांना सांगितलं. या वेळीही आपाने टाळी वाजवली नाही, ना मान हलवली. नुसती माझ्याकडे पाहत राहिली.

डूल कधी घालायचे ते त्यांनी कळवलं का?

तायएजे


कारा-बाल्ता, २६ डिसेंबर

आदरणीय सायकाल एजे,

मला पत्र लिहायची सवय नाही. गिरणीच्या कागदावर लिहितो आहे, माफ करा.

आईने परत आल्यावर रुमाल पेटीत ठेवला. मग म्हणाली, त्यांनी दूधमोल परत दिलं. आमच्यात ते परत आलं की मुलगी देणार नाही असा अर्थ होतो. मग दुसऱ्यांदा विचारत नाहीत. विचारलं तर समोरच्या घराचा अपमान होतो.

मी बुरुलला सांगितलं. ती म्हणाली, तायएजेच्या शब्दाबाहेर मी जाणार नाही.

तुम्ही नकार दिलात त्याबद्दल मनात काही ठेवत नाही. तुम्ही तिला वाढवली, तुम्हाला जास्त कळतं. ते पुस्तक मी पूर्ण ऐकलेलं नाही. पण त्यातला व्यापारी तुम्हाला आवडत नाही असं बुरुलकडून कळलं होतं. त्यामुळे थोडी कल्पना होती.

पिठाचं एक पोतं साबिरकडे दिलं आहे. ते आधीच भरून ठेवलं होतं. त्याचा या गोष्टीशी संबंध नाही. परत पाठवू नका.

मेदेत


बिश्केक, ३ जानेवारी १९९९

तायएजे,

तुमचं पत्र आणि मेदेतचं तोंड एकाच दिवशी पाहिलं. तुमच्या पत्रात संमती होती आणि त्याच्या तोंडावर नकार. मी आधी हसले. मग शिलाईखोलीच्या मागे जाऊन बसले.

नीट बोला, एवढंच मागितलं होतं. तुम्ही सुंदर बोललात.

मला एकच सांगा. त्या दिवशी तुम्ही कुणाशी बोलत होतात? तुमच्यापुढे एक बाई बसली होती, सहा तास गाडीत हाडं खिळखिळी करून घेऊन आलेली. ती म्हणाली, मुलगी वाढवलीत. तुम्हाला ती दिसलीच नाही. तुम्हाला पुस्तकातली नाझिराची आई दिसली, आणि टाळ्या वाजवणाऱ्या गुरुवारच्या बायका. मेंढपाळांच्या छावण्यांत ज्यांच्या मुली गुरांच्या बदल्यात गेल्या, त्यांच्यासाठी तुम्ही बोललात ते खरं होतं. पण माझ्याशी एकदा बोलायचं होतंत.

आता माझा गुन्हा. मी तुम्हाला खोटं लिहिलं. पैशासाठी नव्हतं.

एप्रन न्यायला तो एकदा आला. मग पेन्सिल ठेवायला खिसा हवा म्हणून आला. मग खिसा डाव्या बाजूला हवा म्हणून. चौथ्यांदा आला तेव्हा ल्युबा म्हणाली, "आता हा बटणं मोजायला येईल." तो खरंच म्हणाला, एक बटण कमी आहे. कमी नव्हतं. तो बसून ऐकायचा, आणि मी वाचताना थांबले की पुढे काय म्हणून विचारायचा नाही, थांबायचा. मला तो आवडतो, तायएजे. गिरणी नसती तरी आवडला असता. पण तुम्ही आयुष्यभर शिकवलंत की प्रेम फाटक्या खिशात राहतं. श्रीमंत माणूस आवडला असं लिहिलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, पोरगी स्वतःलाच फसवते आहे. पैशासाठी म्हटलं की निदान तुम्हाला मी प्रामाणिक वाटेन, असं वाटलं. गरम पाण्याचा मोह आहेच, ते खोटं नाही.

तो आता येत नाही. एप्रन न्यायला कामगाराला पाठवतो. मी काही करणार नाही. माझ्या बाजूने बोलणारं माणूस एकच आहे आणि ते बोलून झालं आहे.

पिठाच्या भाकरी करा. ते पीठ चांगलं असतं.

बुरुल


कोच्कोर, १४ जानेवारी

माझ्या बुरुल,

मेदेतचं आणि तुझं पत्र एकदमच हाती आलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेची बस धरली. बूमच्या घाटात दोन तास बर्फात अडकलो. त्या दोन तासांत मी तीन भाषणं तयार केली आणि तिन्ही टाकून दिली. ज्या चालीविरुद्ध चाळीस वर्षं बोलले, तिची भाषाच मी विसरून गेले होते. घेणं म्हणजे विकणं एवढंच मला आठवत होतं. परत करणं म्हणजे काय, हे खेड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कुमुश आपालाही ठाऊक होतं. तिला विचारलं, बोलली का नाहीस? म्हणाली, "तू बोलत असताना कोण बोलणार?"

कारा-बाल्ताला पोचले तेव्हा राकिया अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती. मला पाहून तिने सूप खाली ठेवलं नाही.

"या, एजे. काही विसरलात का?"

"हो," मी म्हटलं. "माझं दूधमोल."

तिने मला आत नेलं, चहा दिला, पाव मोडला. रुमाल काढला नाही. म्हणाली, "त्या दिवशी तर पाऊण तास सांगितलंत, कधीही घेणार नाही."

"वीस मिनिटं," मी म्हटलं.

"पाऊण तास," तिचा भाऊ कोपऱ्यातून म्हणाला.

मी त्यांना सरळ सांगितलं. मला नकार द्यायचा नव्हता. मला वाटलं, मी तुमच्या मुलाला मुलगी फुकट देते आहे, म्हणजे मोठं काही करते आहे. चूक माझी. पोरांची नाही. राकिया ऐकत होती. मग म्हणाली, "ते समजलं. पण घ्यायला हात मागे का गेला, ते सांगा. पैशाचा राग एवढा नसतो."

बुरुल, इतक्या वर्षांत कुणी मला हे विचारलं नव्हतं. मीच बोलत असते ना. मग मी ते बोलले जे कुठल्याही सभेत बोलले नाही. म्हटलं, राकिया, माझा त्यावर हक्क नाही. मी तिला पाजलं नाही. मला दूध कुठून येणार? शेजारच्या तांबड्या गाईचं दूध होतं, पाणी घालून, औषधाच्या बाटलीतून. दूधमोल आईचं असतं. ते घेतलं तर मेलेल्या बहिणीचं चोरल्यासारखं झालं असतं.

राकिया म्हणाली, "मग काय, गाईला नेऊन देऊ?"

भाऊ हसला. मलाही हसू आलं, रडताना येतं तसं. मग ती म्हणाली, "एजे, दूध कुणाचं होतं ते विचारायला मी घाट ओलांडून आले नव्हते. ते तापवायला रोज उठायचं कोण, तिच्या घरी आले होते."

तिने रुमाल आणला. मी ओंजळ पुढे केली.

मेदेत संध्याकाळी गिरणीतून आला, भुवया पांढऱ्या. मला पाहून दारातच उभा राहिला, टोपी हातात. मी विचारलं, "जेवलास का?" तो म्हणाला, "नाही." मी म्हटलं, "मग बस." एवढंच आमचं बोलणं. उद्या तो एप्रन न्यायला स्वतः येईल.

आज गुरुवारी मी बायकांपुढे उभी राहिले आणि सांगितलं, मी घेतलं. कुठल्याही सभेपेक्षा ते कठीण गेलं. कुमुश आपा म्हणाली, "रुमाल दाखव." दाखवला. चाचपून पाहून म्हणाली, "कापड चांगलं आहे." नाझिराच्या आईबद्दल माझं मत मी बदललेलं नाही. रुमाल घेण्याआधी तिने मुलीला विचारलं नाही, ती चुकलीच. पण ती रुमाल छातीशी धरते त्या पानावर मी आता वेगळं काही वाचते. दमिराने पुस्तक आणखी एक महिना ठेवून घ्यायला परवानगी दिली आहे. तू पाठवायची घाई करू नकोस.

तेवीस तारखेच्या शनिवारी ते डूल घालायला इथे येतील. तू शुक्रवारी ये.

एक गोष्ट राहिली, ती तुलाच विचारायची आहे. अशा दिवशी तायएजे दाराजवळ बसते आणि चहा ओतते. समोर, मानाच्या जागी, आई बसते. राकिया म्हणते, तुम्ही दूधमोल घेतलं आहे, तुम्हीच समोर बसायचं. पण ती जागा माझ्या बहिणीची आहे, आणि तिच्यानंतर ती कुणाला द्यायची हे राकियाने नाही, तू ठरवायचं. मी या वेळी विचारल्याशिवाय काही करणार नाही. दाराजवळ बसायला मला वाईट वाटणार नाही. चहा मला चांगला ओतता येतो.

कळव.

तायएजे


तार
बिश्केक, १८ जानेवारी

समोर बसा. चहा मी ओतेन. बुरुल.